कुंपणापलीकडच्याला ऐकू जावं म्हणून

नॉर्थ कॅरोलायनात शिकत होते तेव्हाची, ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझी रूममेट मदुराईकडची, गणितात पीएच.डी. करणारी. स्वयंपाक करता करता ती जुन्या तमिळ प्रेमकविता म्हणायची आणि मग इंग्रजीत त्यांचा अर्थ सांगायची. दोन हजार वर्षांपूर्वीचं म्हणजे देवादिकांचंच असणार, अशी माझी समजूत. पण इथे देव नाही, राजा नाही. प्रेमाच्या कवितेत कुणाचं नाव घ्यायचं नाही असा दंडकच. फक्त तो, ती आणि तिची सखी.

त्यात प्रेमाच्या प्रत्येक अवस्थेला एकेक प्रदेश नेमून दिलेला. वाट पाहायला रान, रुसव्याला भातशेतं, विरहाला समुद्रकिनारा आणि चोरून भेटायला डोंगर. डोंगराच्या कवितांवर माझा फार जीव जडला. राळ्याच्या शेतातले पोपट हाकलणारी मुलगी, कड्यावरचं मधाचं पोळं, वर्षानुवर्षं थांबून एकदम फुलणारं ते निळं फूल. मी वनस्पतिशास्त्राची. हे फूल म्हणजे आमच्या सह्याद्रीतल्या कारवीची सख्खी बहीण, हे ओळखल्यावर मी दोन दिवस हवेत होते. त्या कवींनी 'प्रेम' हा शब्दही न उच्चारता नुसतं रानातलं खरंखुरं सांगावं आणि आपला जीव कासावीस व्हावा, याला मी आजही हात जोडते.

माझा स्वतःचा जीवही तेव्हा टांगणीला लागलेला होता. फिजिक्समध्ये संशोधन करणारा एक नागपूरकर दर शनिवारी आमच्याकडे जेवायला यायचा. जेवायचा, टीव्हीचा अँटेना नीट करून द्यायचा आणि जायचा. लग्नाचं अवाक्षर नाही. इकडे आईने फोनवर सांगून टाकलं होतं की डिसेंबरात मी घरी आले की मुलं बघायची. एरवी मी कुणाचंही ऐकून घेत नाही, पण त्याच्यापुढे माझी दातखीळ बसायची.

रूममेटला हे सगळं ठाऊक होतं. तिच्या कवितांत याला रीत आहे म्हणाली. नायिका स्वतः बोलतच नाही. तो डोंगरावरून येऊन कुंपणापलीकडे उभा असतो. सखीला ते माहीत असतं, पण ती न पाहिल्यासारखं करते आणि त्याला ऐकू जाईल अशा आवाजात नायिकेशी बोलते. मी ते हसण्यावारी नेलं.

पुढच्या शनिवारी तो बाहेर सोफ्यावर पेपर वाचत होता. आम्ही दोघी स्वयंपाकघरात. सांबार ढवळता ढवळता तिने आवाज चढवला.

"डिसेंबरात तुझी आई तुझं लग्न ठरवणार म्हणे. आणि तो डोंगरावरचा, वाट न चुकता येतो आणि आला तसा जातो. असल्या माणसाची तू का वाट बघतेस?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचा असा राग आला की बोलायची सोय नाही. पण खरं सांगते, रागापेक्षा भीतीच जास्त वाटत होती. बाहेर पेपरची सळसळ थांबली होती. तो आता उठून निघून गेला तर सगळं संपलंच.

तो उठला आणि स्वयंपाकघराच्या दारात आला. इतके शनिवार हा बाहेर बसून आमच्या कविता ऐकत होता, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. तिला म्हणाला, "तिला सांग, डिसेंबरात मीही येतोय. तिच्या आईबाबांना भेटायला."

मी तिथेच, हातभर अंतरावर, पुढ्यात विळी-कांदा घेऊन बसलेले. तिने गॅस बारीक केला, माझ्याकडे वळली आणि जणू मी काही ऐकलंच नव्हतं अशा गांभीर्याने म्हणाली,

"तो येतोय म्हणे."