पंधरा वर्षांची गादी

त्यांना सगळे ‘राजे’ म्हणायचे. आता ज्या माणसाचा अख्खा जन्म गादीवर गेला, त्याला दुसरं काय म्हणणार? दुकानाचे मालक म्हणायचे, झाडणारी बाई म्हणायची, समोरचा चष्मेवाला तर रोज सकाळी शटर उघडताना कमरेत वाकून मुजरा करायचा. राज्य म्हणाल तर एक लांबट खोली. भिंतींना टेकून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या उभ्या गाद्या, मधे झोपून बघायला चार पलंग, आणि काउंटरवर विटेएवढे कापून ठेवलेले तुकडे, काही फोमचे, काही काथ्याचे, काही रबराचे.

गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला. “दोन्ही दिसायला सारख्याच की. मग ही तिच्या तिप्पट का?”

हा प्रश्न ऐकला की राजांची कळी खुलायची. दुसरा कोणी असता तर कंपनीचं नाव घेऊन मोकळा झाला असता. राजे फोमचे दोन तुकडे उचलायचे, अगदी एका मापाचे, आणि गिऱ्हाइकाच्या दोन तळहातांवर एकेक ठेवायचे. एक असून नसल्यासारखा, दुसरा हाताला चांगला जाणवणारा. “दिसायला तेवढाच, पण आत माल किती भरलाय ते वजन सांगतं. हलका आज मऊ लागेल आणि दोन वर्षांत बसेल. जड आज जरा ताठ लागेल, पण हलायचा नाही.” मग स्प्रिंगांची पाळी. सगळ्या स्प्रिंगा तारेनं एकमेकींना बांधलेल्या असतील तर गादी स्वस्त, पण नवरा कुशीवर वळला की बायको उडालीच म्हणून समजा. प्रत्येक स्प्रिंग आपापल्या कापडी पिशवीत शिवलेली असेल तर मेहनत जास्त, म्हणून दाम जास्त. मग जाडी, मग वरचं कापड. पलंग नेहमीच्या मापाचा नसेल तर वेगळी कापणी, आणि कापून वाया गेलेला तुकडाही गिऱ्हाइकाच्याच बोडक्यावर.

“एवढं सगळं धरूनही किंमत उरते की हो,” एखादा हुशार विचारायचा.

“ते जाहिरातीतल्या बाईच्या हसण्याचे,” राजे गंभीरपणे सांगायचे. “फुकट हसते होय ती?”

गिऱ्हाईक हसलं की अर्धा सौदा झाला. मग राजे त्यांचं हुकमी वाक्य टाकायचे, “गादीची किंमत म्हणजे वर्षांची किंमत, साहेब. भागाकार करून बघा.”

एक खोड मात्र त्यांची स्वतःची होती, कुठल्या कंपनीनं शिकवलेली नव्हे. गिऱ्हाइकाला उताणं झोपवायचं आणि बरोबर आलेल्या माणसाला सांगायचं, कमरेखालून हात घालून बघा. हात शिरतच नसेल तर गादी फार मऊ. अडत अडत गेला तर गादी त्या माणसाची. सुळकन आरपार निघाला तर फार कडक, माणूस नुसता वर ठेवलाय, गादीनं त्याला घेतलंच नाही. “ही तुमची नव्हे,” राजे सांगायचे, मग ती कितीही महाग असो. मालक मागून कपाळावर हात मारून घ्यायचे. पण राजांनी विकलेली गादी कधी परत आली नाही, त्यामुळे ओरडायची सोय नव्हती.

आणि घरी काय? दिव्याखाली अंधार. लग्नात घेतलेली कापसाची गादी, गोळे गोळे झालेली. आज बदलू, उद्या बदलू करत मुलगी मोठी झाली, नोकरीला दुसऱ्या गावी गेली, तरी गादी तीच. बायको बटणांच्या कारखान्यात फुटकी बटणं निवडायच्या कामाला होती. अंगानं चांगली भरलेली, हसली की खुर्ची हलायची. गादी तिच्या बाजूला खोल गेलेली, आणि राजे म्हणजे काडीपैलवान. झोपेत घरंगळत तिच्यापाशी जायचे. “उतार माझ्याकडेच आहे,” ती म्हणायची, “जाता कुठे?” राजांना ते आवडायचं. गादी बदलायची राहून जात होती त्यामागचं खरं कारण हेच, पण कबूल कोण करणार!

मग ती आजारी पडली. आधी जेवण गेलं, मग हसणं गेलं, मग अंग असं उतरत गेलं की बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मोठ्या इस्पितळात जे जे करायचं ते करून झालं. शेवटी डॉक्टरांनी राजांना बाहेर बोलावलं आणि फार मऊ आवाजात सांगितलं, आता घरी न्या, त्यांना आवडेल ते खाऊ द्या. शहाण्याला शब्दाचा मार. राजे शहाणे होते, पण त्यांनी त्यातलं ‘घरी न्या’ एवढंच ऐकलं. घरी न्यायचं म्हणजे बरंच वाटतंय की, असं त्यांनी चष्मेवाल्यालाही सांगितलं. चष्मेवाल्यानं त्या दिवशी मुजरा केला नाही.

घरी येऊन पट्ट्या बदलणारी सिस्टर पहिल्याच दिवशी म्हणाली, “काका, काकू आता झोपूनच राहणार. पाठ सांभाळायला हवी. हवेची गादी आणा. छोटी मोटर असते, एकेक कप्पा फुगतो, एकेक उतरतो, एका जागी भार पडत नाही. विकत नका घेऊ, महिन्याच्या बोलीवर भाड्यानं मिळते.”

राजांचं डोकंच फिरलं. “सिस्टर, मी गाद्यांच्याच धंद्यात आहे. भाड्याची गादी माझ्या घरात यायची नाही.”

सिस्टर बिचारीनं विषय सोडून दिला. तिला वाटलं, मानी माणूस आहे. मान कसला डोंबलाचा. भाड्याचा राग नव्हताच. राजांना झोंबला होता तो ‘महिना’.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातली सगळ्यात जड गादी निवडली. आत भरगच्च फोम, वर दाट शिवणीचं कापड, कोपऱ्यावर शिवलेली पट्टी, पंधरा वर्षांची हमी. मालकांनी ती खरेदीच्या भावात दिली, पण देताना घुटमळले. “राजे, वहिनींना एवढी ताठ कशाला? ती मऊवाली न्या ना. हलकी आहे, पण...”

“ती दोन वर्षांत बसते,” राजे म्हणाले.

मालकांनी काही बोलायला तोंड उघडलं आणि हमालांना हाक मारली.

आता तुम्हाला वाटेल, ज्याला साध्यातल्या साध्या गिऱ्हाइकाच्या कमरेखाली हात घालायला लावल्याशिवाय चैन पडत नाही, त्याला एवढं कळू नये? कळतं पण वळत नाही, हेच खरं. राजे त्या दिवशी गादी घेतच नव्हते. ते वर्षं घेत होते, आणि त्यांच्या धंद्यात वर्षं मिळत होती. पंधरा वर्षांची गादी घरात आली म्हणजे तिच्यावर झोपणारंही कोणी तेवढं राहणार, असा काहीतरी हिशेब त्यांच्या मनानं परस्पर मांडून टाकला होता.

हमालांनी नवी गादी पलंगावर टाकली आणि जाताना जुनी खांद्यावर मारून नेली. राजांनी बायकोला उचलून वर ठेवलं. उचलताना काहीच वजन लागेना. पण लगेच बोलायला सुरुवात केली. आत कुठला थर, वर कुठला, कापड कुठलं, गिऱ्हाइकाला सांगावं तसं सगळं सांगितलं. ती डोळे मिटून ऐकत होती.

“कशी वाटते?”

“मस्त. आता खरी राणी झाले.” मग जरा थांबून, “टिकेल किती म्हणालात?”

“पंधरा वर्षं.”

“बाई गं,” ती म्हणाली आणि हसली, हसता हसता खोकली. राजेही हसले. घरात कित्येक दिवसांनी कोणी हसलं होतं, त्या आनंदात त्यांनी संध्याकाळी दोन वेळा चहा केला.

पण तिच्या डोळ्याला डोळा लागेना. कण्हायची, कूस बदलून द्या म्हणायची, बदलली की पुन्हा थोड्या वेळानं तेच. राजांना वाटे आजार बळावतोय. सिस्टरच्या मागे लागून झोपेचं औषध वाढवून घेतलं. गादी कशी आहे विचारलं की उत्तर एकच, “छान आहे हो. तुम्ही झोपा जरा.” सिस्टर गादीकडे बघायची आणि काही बोलायची नाही. एकदा तोंड पोळलेलं तिचं.

मुलगी रजा काढून आली. आल्या आल्या तिनं आईचं अंग पुसायला घेतलं. मग ती भांडं घेऊन स्वयंपाकघरात आली आणि नळ सोडून नुसती उभी राहिली. राजे औषधाच्या बाटल्या लावत होते.

“बाबा, ती गादी काढा.”

“का? दुकानातली सगळ्यात भारी गादी आहे ती.”

“आईच्या माकडहाडावर, खांद्यावर, टाचेवर लाल चट्टे आलेत. कातडी जायच्या बेतात आहे. तिला ती फळीसारखी लागते.”

“फळीसारखी?” राजे तापले. “जा, झोपून बघ जा. लोण्यासारखी लागली नाही तर नाव बदलेन.”

“मला लोण्यासारखीच लागेल बाबा,” मुलगी म्हणाली. तिचा आवाज फुटला. “माझं वजन आहे.”

राजांनी हातातली बाटली खाली ठेवली. मग ते खोलीत गेले. बायको उताणी पडली होती, डोळे मिटून. ते पलंगाशी गुडघ्यावर बसले आणि तिच्या कमरेखालून हात घातला.

हात सुळकन आरपार निघाला. कुठे अडला नाही की घासला नाही. पलीकडे स्वतःची बोटं दिसली त्यांना. त्या गादीवर तिचा साधा खड्डासुद्धा पडला नव्हता. दाबायला माणूसच उरलं नव्हतं, फोम तरी कोणासाठी दबणार? लोकांना तळहातावर तुकडा ठेवून वजन शिकवणाऱ्या माणसानं घरातलं वजन बघितलं नाही. राजांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

तिनं डोळे उघडले. “काय हो, मला गिऱ्हाईक केलंत?”

“मला बोलली का नाहीस?”

ती उगाच चादरीची घडी चाचपत राहिली. “एवढ्या हौसेनं आणलीत. शेजारी बसून पंधरा वर्षं, पंधरा वर्षं करायचात, ते ऐकून मलाही घटकाभर खरं वाटायचं. बरं वाटायचं. म्हणून नाही बोलले.”

राजांना पुढे काही ऐकवेना. ते तसेच चपला घालून बाहेर पडले.

इस्पितळाच्या मागच्या गल्लीत आजारपणाचं सामान भाड्यानं देणारं दुकान होतं. चाकांच्या खुर्च्या एकीत एक घुसवलेल्या, कुबड्यांची मोळी, पलंगावरच वापरायची पत्र्याची भांडी, आणि एका खणात घडी घातलेल्या हवेच्या गाद्या. राजांनी एक उलगडून घेतली. सवयीनं शिवण बघितली, रबर दोन बोटांत चोळून बघितलं. दोन गाद्या शेजारी शेजारी, एक जाड, एक पातळ.

“ह्या जाड गादीचं भाडं जास्त का हो?” त्यांनी विचारलं. “कशावर ठरतं तुमचं?”

“सगळ्यांचं एकच, काका,” काउंटरवरचा माणूस पावती पुढे ओढत म्हणाला. “आमच्याकडे फक्त दिवसांवर. किती दिवस धरू?”

जन्मभर हा प्रश्न राजांनी लोकांना विचारला होता, किती वर्षं चालायला हवी, म्हणून. कोणी दहा म्हणायचं, कोणी म्हणायचं, लेकाच्या लग्नापर्यंत. एकानंही उत्तराला एवढा वेळ लावला नव्हता. मागे एक बाई चाकांची खुर्ची परत करायला उभी होती, ती पदराशी चाळा करत राहिली.

काउंटरवरचा माणूस रोज असली माणसं बघत असणार. त्यानं मान वर केली नाही. “महिना लिहू का काका?”

“लिहा,” राजे म्हणाले.

एवढा एक शब्द बोलायला त्यांना इतके दिवस लागले होते. गादी काखोटीला मारून ते घरी येईपर्यंत भर दुपार झाली होती, आणि सगळ्या रस्त्यात ते कोणाला ओळख देऊ शकले नाहीत.

घरी मुलीनं आईला उचलून धरलं, राजांनी त्या ताठ गादीवरच हवेची गादी पसरली, नळी जोडली, मोटर लावली. कप्पे हळूहळू भरत गेले. तिला वर ठेवलं तशी ती थोडी आत गेली. कपाळावर कितीतरी दिवस घट्ट बसलेल्या आठ्या एकेक करून सुटल्या. मुलगी तोंड फिरवून पाणी आणायला निघून गेली.

“ही कुठली हो?” बायकोनं विचारलं.

“भाड्याची.”

“किती दिवसांच्या बोलीवर?”

राजांच्या जिभेवर थाप तयार होती. विकत घेतली, पाहिजे तितके दिवस वापर, काहीही सांगता आलं असतं. उभा जन्म विक्रीत काढलेल्या माणसाला ते अवघड नव्हतं. पण ती त्यांच्याकडे बघत होती, आणि त्या नजरेत खोटं ऐकायची इच्छा उरलेली नव्हती.

“महिन्याच्या,” ते म्हणाले.

तिनं सावकाश मान हलवली. पलंगाच्या काठावरचा त्यांचा हात शोधला आणि त्यावर आपला हात ठेवला.

“पुरेल,” ती म्हणाली.

आणि तिला झोप लागली, औषधाशिवाय, तोंड किंचित उघडं टाकून. राजे तिच्या पायाशी बसून रडले. तिची झोप मोडू नये म्हणून अंग घट्ट आवळून, आवाज न करता रडले.