आखाड्यातली हजेरी

नोकरीतली बहुतेक प्रकरणं निरोपसमारंभाच्या हारांबरोबरच वाळून गेली. हे एक तेवढं गेलं नाही. यात गुन्हा नव्हता, आरोपी नव्हता, कुणाला शिक्षा झाली नाही, आणि तरीही सांगायला बसलो की माझं डोकं फिरतं. राग कुणावर काढायचा, हे मात्र अजून ठरत नाही.

तेव्हा मी लश्कर नावाच्या जुन्या शहरभागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. ठाण्यांच्या हद्दी नव्याने आखणं चाललं होतं, सायबरचं काम नुकतंच जिल्ह्याकडे आलं होतं, आणि कुठला कागद कुणाच्या टेबलावर आहे हे विचारायला मुन्शीकडेच, म्हणजे ठाण्याच्या कारकुनाकडेच जावं लागे. अशा धांदलीत एका सकाळी खासगी बाजार ह्या पेठेतले एक वकील आले. घराणं जुनं, दक्षिणेतून आलेलं, कधीकाळी दरबारात पौरोहित्य करणारं. त्यांचा एकुलता एक मुलगा आदल्या दुपारी भांडून घरातून गेला होता. मुलगा कमावता, पंचविशीच्या आतबाहेरचा. भांडण कशावरून, तर कॉम्प्युटरवरच्या खेळावरून. सुटीच्या दिवशी जेवायला हाका मारून मुलगा उठेना, म्हणून वकीलसाहेबांनी भिंतीतून तार उपटली. खेळात त्याची लढत रंगात आली होती म्हणे. त्याने बॅग भरली आणि जिना उतरला.

आम्ही रीतसर ‘गुम इंसान’ नोंदवला, म्हणजे बेपत्ता माणसाची नोंद केली. फोटो घेतला, अंगावरचे कपडे लिहून घेतले, जिल्ह्यातल्या सगळ्या ठाण्यांना बिनतारी संदेश पाठवला. फोन बंद होता. शेवटचा ठिकाणा बस स्टँडचा मिळाला, तिथेच तो बंद केलेला, पुढे काही नाही. घरातून रागावून गेलेली माणसं पोलिसाला नवी नसतात. पैसे संपले की निम्मी परत येतात, आणि उरलेल्यांतली बरीचशी कुठल्यातरी मावशीकडे सापडतात.

आठवडा झाला असेल-नसेल, वकील पुन्हा आले. या वेळी चेहरा उजळलेला. मुलाच्या ऑफिसातल्या मित्राने खबर आणली होती की तो रोज संध्याकाळी खेळात हजर असतो. त्या खेळात राक्षस, जादूगार, किल्ले असं बरंच काही होतं, पण ह्या मुलाला त्यातल्या आखाड्याचंच वेड. तिथे खेळाडू एकमेकांशीच लढतात. त्याचा निळ्या झग्याचा भालेवाला रोज उतरत होता आणि जिंकत होता. वकिलांनी मला लेखी अर्जच दिला. मुलगा सज्ञान आहे, स्वखुशीने गेला आहे, जिवंत आहे. तेव्हा पोस्टर लावून लश्करभर आमची बदनामी करू नये.

वकिलाशी कोण हुज्जत घालणार! नोंद आम्ही बंद केली नाही, तशी ती करताही येत नाही. खेळाच्या कंपनीला पत्रं लिहिली, ती परदेशात, तिचं उत्तर काही येईना. पण शोधातली निकड गेली, हे खरं. त्याच सुमारास शेजारच्या जिल्ह्यातून बेवारस प्रेतांच्या फोटोंचं नेहमीचं पाकीट आलं. मुन्शीने विचारलं, आपला कुणी आहे का ह्यात? आपला तर रोज लढत होता. पाकीट कपाटात गेलं.

पुढे बऱ्याच दिवसांनी दौलतगंजातून परतताना मी त्यांच्या घरी डोकावलो. वकील कोर्टात होते. बाई, म्हणजे मुलाची आई, त्याच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. मित्राने त्यांना प्रेक्षक म्हणून आत शिरायची सोय करून दिली होती. देवापाशी दिवा लावायचा आणि मग इथे येऊन बसायचं, असा त्यांचा नेम झाला होता. मला चहा दिला आणि आखाड्याचे सगळे कायदे समजावून सांगितले. भाला कधी फेकायचा, ढाल कधी धरायची, पडल्यावर उठायला किती वेळ मिळतो. पन्नाशी उलटलेली ती बाई कुणा हरलेल्याला वाईट वाटू नये अशा हळू आवाजात बोलत होती.

मग सहज म्हणाल्या, “तो काळा होता ना, गदावाला, हजिरा वस्तीतला. त्याच्याशी ह्याचं रोजचं वैर. मी स्वयंपाकघरातून ऐकायची, ‘हजिरेवाल्या, आज तुला सोडत नाही.’ हा गेला ना, त्या दिवसापासून तो काळा लढायलाच येत नाही. मित्र सांगत होता, एकदाही नाही. घाबरला असेल मेला.”

मी कप खाली ठेवला. एकाच दिवशी एक माणूस घरातून गेला होता आणि एक लढवय्या खेळातून. माणसाचे हात दोनच असतात, एका वेळी दोन लढवय्ये काही चालवता येत नाहीत. मग निळ्याच्या मागे कोण बसलं होतं? उरलेला चहा प्यायलो आणि उठलो. जिना उतरताना माझ्या डोक्यात खून होता. ह्याहून फालतू वैरातून झालेले खून मी पाहिले होते.

हजिऱ्यात आमचा एक खबरी होता, चौकात पानटपरी चालवायचा. त्याला तासावर कॉम्प्युटर देणारी खेळाची ठिकाणं बघायला लावली. दोन दिवसांत तो हसतच आला. म्हणाला, “साब, नीला वाला तो यहीं बैठता है, कोने में.”

साध्या कपड्यांत गेलो. खोटं कशाला सांगू, वाटेत मलाही आशा वाटली की पोरगा स्वतःच तिथे सापडेल आणि मी त्याच्या कानाखाली एक देऊन आईकडे पोचवीन. कोपऱ्यात पडद्यावर निळा लढत होता. माऊसवर हात मात्र दुसऱ्याच कुणाचा. किडकिडीत पोरगा, बोटांना ग्रीस. मी खांद्यावर हात ठेवला तर वर न बघता म्हणाला, “भैया, एक मिनट, मैच चल रहा है।” का कोण जाणे, मी थांबलो. तो जिंकला. मग आम्ही त्याला ठाण्यात आणलं.

हात उगारला नाही, पण आवाज मी चांगलाच चढवला. आडनाव विचारलं तर आमच्यासारखंच निघालं, पलटणीतल्या मराठ्यांचं. बॅटरीच्या दुकानात कामाला होता, आणि तो काळा गदावाला हाच. मराठीत विचारलं तसा दचकला आणि घरची अर्धीमुर्धी मराठी बाहेर आली.

“वैऱ्याचा पासवर्ड तुझ्याकडे कसा?”

“त्यानेच दिला, सर. माझा त्याच्याकडे, त्याचा माझ्याकडे. हम लोगों में चलता है. वैरी तर आखाड्यात. बाहेर माझा दोस्त तोच एक होता.”

एकमेकांना त्यांनी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. खेळाच्या कंपनीने दोन वेगवेगळे आखाडे एकत्र करायचं ठरवलं होतं. विलीनीकरणच म्हणा. तोवर जो नेमाने लढत राहील त्याचंच नाव नव्या यादीत, बाकीच्यांची कटणार. पोराने मोबाईल पुढे केला. वकिलांच्या मुलाचा शेवटचा निरोप होता, ‘बस में हूँ। थोड़े दिन बाहर। मेरा नाम मत कटने देना।’ त्याखाली ह्याचे रोजचे निरोप, ‘आज भी जीता तू।’ एकाही निरोपाला उत्तर नाही.

“आणि तुझं स्वतःचं नाव?”

“दुकानानंतर टाइम एकाचाच मिळतो, सर. त्याने बोललं होतं ना.”

मला माझे आजोबा आठवले. रियासतीच्या फौजेचं विलीनीकरण झालं तेव्हा हजेरीच्या दिवशी ते गावी तापाने पडले होते. मित्राने त्यांच्या नावाला ‘हाजिर’ म्हटलं म्हणून नोकरी राहिली, आणि त्यांच्या नोकरीवर आमचं घर उभं राहिलं. तो मित्र आमच्या घरी जन्मभर देव होता. ह्या पोराने त्याहून वेगळं काय केलं होतं? त्याची सगळी चौकशी केली. दुकानदाराने दुजोरा दिला, पोरगा स्वच्छ होता. मुलगा बेपत्ता आहे हे त्याला माझ्याकडूनच कळलं.

तेवढ्यात वकील आणि बाई येऊन पोचले. निळावाला सापडला, एवढंच कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. बाई दारातूनच म्हणाल्या, “हा नाही.” मी जमेल तसं सांगितलं. त्यांनी पोराकडे बघितलं. “म्हणजे रोज तू होतास.” पोरगा म्हणाला, “काकू, तुम्ही बघता ते मला नव्हतं माहीत.” वकील भिंतीकडे तोंड करून उभे होते.

मी कपाटातलं पाकीट काढलं. त्यातल्या एका फोटोतले कपडे आमच्या नोंदीतल्या कपड्यांशी जुळले, बाकीचं तिथल्या ठाण्याने सांगितलं. महामार्गावरचा एक ढाबा, बस चहाला थांबलेली, रस्ता ओलांडताना कुठल्यातरी वाहनाची धडक. बॅग बसबरोबर पुढे गेली, फोनचा चुरा झाला, खिशात नाव सांगेल असं काही नाही. चेहरा ओळखण्यासारखा नव्हता. घर सोडलं त्याच संध्याकाळी तो गेला होता. तिथल्या ठाण्याने फोटो पाठवून नियमाप्रमाणे वाट पाहिली, कुणी विचारत आलं नाही, आणि बेवारस म्हणून अग्नी दिला. तिथल्या मालखान्यात, मुद्देमालाच्या खोलीत, एक घड्याळ ठेवलेलं होतं. त्याचं मनगट बारीक म्हणून पट्ट्याला वकिलांनी स्वतः सुईने जादा भोक पाडलं होतं. त्या भोकावरून बापाने मुलगा ओळखला.

देह नव्हताच, म्हणून पालाशविधी केला. पुरोहितांच्या घरात पळसाच्या पानांचा मुलगा करून त्याला अग्नी द्यावा लागला. वेळेवर कुणी शोधत गेलं असतं तर खरा मिळाला असता. ह्या एका गोष्टीचं मला आजही वाईट वाटतं. खोटेपणाने फसवणारे मी हजार पाहिले, त्यांना कसं धरायचं ते मला कळतं. इथे मैत्री निभावणाऱ्या पोराने सगळ्यांना फसवलं, आणि त्याला ते ठाऊकच नव्हतं. पुढे नोकरी संपेपर्यंत कुणी म्हणालं की माणूस ऑनलाइन दिसतोय, तर मी एकच विचारायचो, आवाज ऐकलात का त्याचा? कनिष्ठांना ते विचित्र वाटायचं.

काही दिवसांनी पोरगा आपणहून ठाण्यात आला. आखाडे एक झाले होते. नव्या यादीत निळ्याचं नाव होतं, वरच्या रांगेत. ह्याचं स्वतःचं कटलं होतं. आता निळ्याचं काय करू, असं त्याने मला विचारलं. मी त्याला जीपमध्ये घातला आणि खासगी बाजारात नेला.

बाई त्याच कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या, पण पडदा बंद होता. त्यांनी त्याला जवळ बसवलं, पाणी दिलं. त्याने भीतभीत तोच प्रश्न विचारला, म्हणाला, तुम्ही सांगाल तर मी रोज खेळत राहीन, नाव कटू देणार नाही. बाईंनी त्याची ग्रीस लागलेली बोटं पदराने पुसली.

“नको रे बाळा,” त्या म्हणाल्या. “आता नको लढवूस त्याला. दमला असेल.”