दीडशे मेंढरं

मल्हार कवठे महांकाळच्या मेंढपाळाचा मुलगा. आम्ही सांगलीत एकत्रच इंजिनिअर झालो. गुण माझे जास्त, इंग्रजी माझंच चांगलं. त्र्याण्णव साली कॅनडातल्या दोन वर्षांच्या कामासाठी दोघंही व्हिसाच्या मुलाखतीला गेलो.

"घरी कोण असतं?" साहेबानं विचारलं.

मी ऐटीत म्हणालो, "दोन्ही काका कॅनडातच स्थायिक आहेत!"

मल्हार म्हणाला, "आईवडील आणि दीडशे मेंढरं. परत यावंच लागेल."

हा परत येणार, म्हणून त्याला व्हिसा. मी तिकडेच राहीन, म्हणून मला नकार! दोन वर्षं नुसता जळतोय मी.

काल त्याचं पत्र आलं. "गड्या, आबास्नी वाचून दाखव. मेंढरं इकून टाका म्हनावं. मी आता हितंच ऱ्हानार हाय."