यादीबाहेरचा प्रश्न

रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या हॉलमध्ये तिघे होतो: सातवीतली माझी मुलगी सई, तिला मुलाखत द्यायला आलेले शेजारचे म्हातारे बापूकाका आणि मी. सईच्या भाषेच्या शिकवणीची महिन्याची फी बाराशे रुपये आहे, आणि ही मुलाखत तिथलाच गृहपाठ होता.

"लहानपणी तुम्हाला कोण व्हायचं होतं?" सईने विचारलं.

"गवई," बापूकाका म्हणाले. "पण वडिलांनी एक दिवस माझी बाजाची पेटी विकून टाकली."

सईने ते सुवाच्य अक्षरात उतरवलं. "तुमचा आवडता पदार्थ कोणता?"

काका म्हणाले, "लिही, थालीपीठ."

मला राहवेना. "अगं, पेटी का विकली ते विचार की."

"बाबा, मॅडमनी दहाच प्रश्न दिलेत. मध्ये बोलू नका ना."

वाचनाला गुण आहेत, लेखनाला आहेत, भाषणाला तर स्पर्धाच आहेत. समोरच्याचं ऐकून त्यातूनच पुढचा प्रश्न काढायला मात्र कुणी शिकवत नाही, कारण त्याचे गुण कुठल्या रकान्यात मांडणार? आमच्या ऑफिसातल्या बैठकांतही प्रत्येक जण फक्त आपली पाळी कधी येते याची वाट पाहत असतो.

दहा प्रश्न संपले. काका उठून दारापर्यंत गेले. वही मिटता मिटता सई म्हणाली, "आजोबा, पेटी विकली तेव्हा तुम्ही रडलात का?"

माझ्या प्रश्नापेक्षा तिचा प्रश्न बरा होता. काका परत येऊन बसले आणि जेवणाची वेळ होईपर्यंत बोलत राहिले.

हा अकरावा प्रश्न मॅडमच्या यादीत नव्हता, तरी संध्याकाळी त्यांना महिन्याचे पूर्ण बाराशे रुपये दिले.