वहिनीपुढचा रकाना

दिवाळीच्या सुट्टीत, एका सोमवारी, वहिनीने कुंकू पुसले आणि मंगळसूत्र काढून देवापुढे ठेवले.

सत्तावीस-अठ्ठावीस साल असेल. मी मुंबईला एम.ए. करत होतो. मुख्य विषय अर्थशास्त्र, जोडीला समाजशास्त्र. प्रोफेसरांनी सुट्टीसाठी काम दिले होते: आपल्या वाडीतली घरे आणि माणसे एका तक्त्यात भरून आणायची. तक्ता इंग्रजीत होता. मी तो हौसेने मराठीत उतरवला. तसाच राहू दिला असता तर, हा विचार मी पुढे फार वेळा केला आहे.

आगबोटीने रत्नागिरीला उतरलो, खाडी ओलांडून भाट्याला घरी आलो आणि दुसऱ्या दिवसापासून दारोदार विचारत फिरू लागलो. वहिनी हसायची.

"काय हो भावोजी, एवढं शिकून शेवटी आमच्या चुली मोजायला आलात?"

"तुमचीही मोजणार आहे."

"मोजा की. फुंकायलाही या मग."

दादा, माझा थोरला भाऊ, मंगळूरहून कौले आणणाऱ्या गलबतावर होता. तीन वर्षांपूर्वी ते गलबत गेले, ते परतले नाही. माणसाचा पत्ता नसेल तर आमच्याकडे बारा वर्षे वाट पाहतात, मग दर्भाचा पुतळा करून अग्नी देतात. तोवर बायको सवाष्ण. दर सुट्टीआधी मी मुंबईच्या बंदरावर चौकशी करी. कधी काही कळले नाही.

आमचे घर मी सर्वांत शेवटी भरले. वहिनीपुढे तीन रकाने होते: अविवाहित, विवाहित, विधवा. आपले घरही परक्याचे समजून लिहा, असे वर्गात सांगितले होते. मी तिसऱ्या रकान्यात फुली मारली. खरे सांगायचे तर तेव्हा मला त्यात थोडी ऐटच वाटली.

वहिनीला वाचायला मीच शिकवले होते. सोमवारी सकाळी वाऱ्याने ओटीवरचे कागद उडाले. ते गोळा करून ती माझ्याकडे आली.

"भावोजी, बंदरावर काही कळलं का तुम्हाला?"

तिने काय वाचले ते मला उमगले. रकाना म्हणजे काय, हे तिला कसे सांगावे याचे शब्द मी शोधत राहिलो.

"तोंडाने सांगवेना म्हणून लिहिलंत ना?" ती म्हणाली आणि आत गेली.

मी मागोमाग गेलो तेव्हा तिचे कपाळ मोकळे होते. मी सगळे सांगितले. काही कळलेले नाही, तो नुसता अभ्यास होता. आई रडत म्हणाली, "अगं, ऐकतेस ना? लाव परत."

"ते आता माझी समजूत घालतायत, आई."

मी शपथ घेतली. तिने ती शांतपणे ऐकून घेतली.

तक्ता प्रोफेसरांना आवडला.

पुढे बरीच वर्षे वहिनी आमच्यातच होती. अंगणात अनोळखी पाऊल वाजले की ती मान वर करत नसे. मी मात्र दर वेळी दारापर्यंत जाऊन येई.

आई गेली. वहिनीही गेली. दादाचे काय झाले, ते मला अजून माहीत नाही.