कोल्ड स्टोअरखालची जमीन

दुबईत जमीन गोठते, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण मंदी आली, जुमेरा लेक टॉवर्समध्ये आम्ही बांधत होतो तो टॉवर अर्ध्यावर थांबला, नोकरी गेली, आणि निदान व्हिसा तरी टिकावा म्हणून मी एका छोट्या कॉन्ट्रॅक्टरकडे साइट इंजिनिअर झालो. त्याने मला पहिलंच काम दिलं ते मासळीच्या एका कोल्ड स्टोअरचं. बाहेर जूनचं ऊन आणि आत फरशीखालची जमीन गोठून फुगलेली.

फुगलेली म्हणजे अक्षरशः. मोठ्या खोलीची फरशी मधोमध भाकरीसारखी टम्म वर आली होती. रॅक कलले होते, दार लागत नव्हतं. अशा खोलीखाली गरम पाण्याचे पाइप फिरवलेले असतात, म्हणजे वरची थंडी मातीत उतरत नाही. मंदीत वीज वाचवायची म्हणून तिथल्या मॅनेजरने ते पाइपच बंद करून टाकले होते. जागा खाडीजवळची, हातभर खणलं की पाणी. ती ओली वाळू हळूहळू गोठत गेली आणि बर्फाने फरशी उचलली.

मॅनेजर आपलाच, मुंबईचा. "मराठी माणूस आलात, बरं झालं. घरचं काम समजा आणि यल्ला, लवकर उरका," असं म्हणून तो केबिनमध्ये निघून गेला.

माझ्या हाताखालची माणसं मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पात राहायची. बहुतेक कोकणातली. मुकादम रत्नागिरीकडचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. आम्ही फरशी फोडली, खालचा थर्माकोल उपसला. वाळूवर ब्रेकर मारला तर तो टणकन उडाला.

"साहेब, ह्याचा तर कातळ झालाय," मुकादम म्हणाला.

मग ड्रिलने भोकं पाडून त्यात लोखंडी पाइप सोडले आणि बॉयलरचं गरम पाणी फिरवायला लागलो. घाई करून चालत नव्हतं. एकाच बाजूने भराभर वितळलं तर शेजारची भिंत खचली असती.

जमीन सुटायला लागली तसा वास सुटला. फरशीच्या सांध्यांतून वर्षानुवर्षं झिरपलेलं माशांचं रक्त, मिठाचं पाणी, खवले, सगळं त्या बर्फात जसंच्या तसं राहिलं होतं. आता ते वितळून वर आलं. खड्ड्यात तांबूस काळा चिखल आणि त्यावर तेलकट तवंग. पहिली उलटी माझी झाली. मासे खाऊन वाढलेली ती माणसंसुद्धा तोंडाला फडकी बांधून, आळीपाळीने वर येऊन ओकत होती आणि पुन्हा खाली उतरत होती.

घरी गेलो की बायको दारातच कपडे पिशवीत भरायला लावायची. मुलगा सोफ्यावरून उठायचा. "बाबा, प्लीज, डोन्ट सिट हिअर." पण मला निदान घर होतं, गरम पाणी होतं. मुकादमाने एकदा सहज सांगितलं, की बसमधले दुसरे कामगार ह्यांना सीटवर बसू देत नाहीत, ड्रायव्हर मागे खाली बसवतो. मी मॅनेजरकडे गेलो. ऑफिसच्या मागे शॉवर होता, तो संध्याकाळी ह्यांना वापरू द्या म्हटलं.

"छे, छे, सगळं घाण करून ठेवतील," तो म्हणाला.

खोली रिकामी करताना तिथला माल यार्डातल्या थंड कंटेनरमध्ये हलवला होता. एका शुक्रवारी कंटेनरचं कूलिंग बंद पडलं. शनिवारी दार उघडलं तर खोके भिजून लिबलिबीत झालेले, खालून पाणी गळतंय. मॅनेजरने ते पुन्हा गोठवायला लावले आणि दोन दिवसांनी संध्याकाळी कॅम्पच्या बसमध्ये चढवले.

"बिचारे एवढे राबतात. खाऊ दे की सुरमई," तो मला म्हणाला.

"अहो, तो माल सडलाय. फेकून द्या."

"ह्या लोकांना काही होत नाही हो. त्यांचं पोट आपल्यासारखं नसतं."

आपल्यासारखं! मला खड्ड्यातल्या चिखलापेक्षा त्या शब्दाची जास्त शिसारी आली. "मग एक खोका तुम्ही घरी न्या," मी म्हणालो.

तो हसला. "हबीबी, आमच्याकडे ताजं येतं."

मी लगेच मुकादमाला फोन केला. "ते मासे कुणाला खाऊ देऊ नका."

"खातंय कोण, साहेब? कल्ले काळे पडलेत. खोका उघडला नि कळलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी खोके त्याच बसने परत आले. माणसांनी ते एकेक करून मॅनेजरच्या केबिनमध्ये, गालिच्यावर रचले आणि खड्ड्यात उतरून कामाला लागली. मॅनेजर आला तोवर गालिचा भिजून चिकट झाला होता. तो ओरडत खड्ड्याच्या काठाशी आला.

"कुणी केलं हे?"

मुकादमाने पंपाचा पाइप खाली ठेवला. "आम्ही. तुमचा माल तुम्हाला परत दिला."

मॅनेजर माझ्याकडे वळला. "तुमच्या कॉन्ट्रॅक्टरला ह्याचा व्हिसा कॅन्सल करायला सांगा. आजच. खलास."

"सांगतो," मी म्हणालो. "पण भिंतीखालची जमीन अर्धवट वितळलीये. ह्यांना आज काढलं तर उद्या भिंत खाली येईल, आणि मग तुमच्या मालकाला पाइप कुणी बंद केले तेही सांगावं लागेल."

त्याने भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेला. त्यानंतर तो खड्ड्यापाशी फिरकला नाही. शॉवर मात्र मिळाला नाही तो नाहीच.

काम पुरं झालं. चिखल उपसून कोरडी वाळू भरली, पाइप घातले, नवी फरशी टाकली. मालक बघायला आला तेव्हा माझी माणसं दुसऱ्या साइटवर गेली होती. मॅनेजर फरशीवर उभा राहून त्याला सांगत होता, "मी स्वतः रोज उभं राहून करून घेतलं." मी चहा न घेता निघालो.

पुढे आमच्या कॉन्ट्रॅक्टरने गाशा गुंडाळला. मुकादम गावी गेला, आता भावाबरोबर रिक्षा चालवतो. मला अबुधाबीत नोकरी मिळाली. तो मॅनेजर अजून तिथेच आहे, आणि त्याला बढती मिळाली असं ऐकतो.