चहा चाखणाऱ्याच्या हिरड्या

चहाच्या कंपनीत त्याला सगळे 'जीभ' म्हणायचे. सव्वीस वर्षं रोज दोनशे कप चाखून, कुठला माल घ्यायचा आणि कुठला परत पाठवायचा, हे तोच ठरवत आला होता. हिरड्यांची शस्त्रक्रिया झाली तेव्हा वर्षाची मोठी खरेदी दहा दिवसांवर होती. तोवर जीभ ताळ्यावर आली नाही, तर टेबलाशी दुसरं कुणीतरी बसणार होतं.

डॉक्टरांनी गुलाबी औषध दिलं होतं, दोन वेळा चूळ भरायला. चव थोडे दिवस मंदावेल, मग येईल, हेही सांगितलं होतं. पण ज्याचं पोट जिभेवर चालतं त्याने 'थोडे दिवस' काढायचे कसे? चौथ्या दिवशी त्याला वरण आणि कोमट पाणी एकच लागलं. त्याने ताट सरकवलं.

थोरली बहीण लवंगेच्या, झाडपाल्याच्या अर्काची हिरवी बाटली घेऊन आली. नैसर्गिक आहे, अपाय काही नाही, असं तिचं म्हणणं.

"विंचूही नैसर्गिकच असतो, ताई," औषधांच्या दुकानात काम करणारी त्याची बायको म्हणाली.

झालं, हा अडकित्त्यातली सुपारी. त्याने हिरवी धरली, तर जी काही चव परतली तिच्यावर लवंग ठाण मांडून बसली, आणि टाक्यांतून रक्त आलं. पुन्हा गुलाबी धरली, तरी रक्त थांबेना. बहीण गुलाबीला दोष देई, बायको हिरवीला. हा दोघींवर चिडे.

सातव्या दिवशी त्याने दोन्ही बाटल्या डॉक्टरांच्या टेबलावर आदळल्या. यातली खोटी कुठली, ते सांगा म्हणाला. डॉक्टरांनी ग्लासभर पाणी दिलं आणि चूळ भरून दाखवायला सांगितलं.

त्याने घोट घेतला, या गालातून त्या गालात फेकला, दातांमधून सर्रकन ओढला आणि दोन हात अंतरावरून बेसिनमध्ये अचूक पिचकारी मारली. पाण्यात लाल धागा होता.

"रोज असंच करता?"

"प्रत्येक कप असाच ओढून थुंकतो. सव्वीस वर्षं."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, औषध नुसतं तोंडात धरायचं आणि अलगद सोडायचं. दोष बाटलीचा नाही, तुम्ही टाकेच उसवलेत." झाडपाल्याची औषधं काहींना मानवतात, पण या जखमेला गुलाबीच बरी, असं ते म्हणाले. जखम भरायला आता आणखी दोन आठवडे. चहा ओढून चाखणंही बंद.

खरेदीच्या सकाळी तो कंपनीत गेला आणि साहेबांना म्हणाला, "आज माझ्या जिभेवर भरवसा ठेवू नका." त्यानेच शिकवलेली मुलगी टेबलाशी बसली. अकराव्या कपाशी ती अडली.

"सर, हा करपलाय ना?"

त्याने चमचाभर चहा जिभेवर ठेवला. काहीच नाही, नुसतं गरम.

"मला काय विचारतेस? तुझ्या तोंडात आहे ना चव," तो खेकसला.

तिने पुन्हा एक घोट ओढला आणि कप नापास मालात सरकवला. बरोबर केलं की चूक, हे सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला सांगता येईना.